कॅड शिकायला पैसे कुठे लागतात आणि कुठे नाही

सांगली-मिरजेहून येणाऱ्या फोनवर अलीकडे एक प्रश्न हमखास येतो : "ताई, कॅडचा क्लास लावावा म्हणतोय, पण फी ऐकून धीर होत नाही. काय करू?" कॅड म्हणजे यंत्राच्या भागांची ड्रॉइंग आणि मॉडेल संगणकावर तयार करणे. विचारणारे बहुतेक जण इंजिनिअर नसतात, कोणी बी. कॉम. होऊन दुकानाचे हिशेब लिहितो, कोणी कुपवाडच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो, तर कोणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणारी गृहिणी असते. मी स्वतः सांगलीत एका पतसंस्थेत खातेवह्या लिहीत होते आणि आता स्टुटगार्टजवळ जिग-फिक्स्चर, म्हणजे काम चालू असताना वस्तू जागेवर धरून ठेवणारी साधने, बनवणाऱ्या एका लहान कंपनीत ड्रॉइंग करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक आहे. माझे उत्तर असे की, शिकण्यापुरत्या सॉफ्टवेअरवर आज एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. खरे मोल आहे ते ड्रॉइंग वाचता येण्याला आणि वस्तू यंत्रावर कशी घडते हे ठाऊक असण्याला. आणि हे ज्ञान जर्मनीत माझ्यासारखीला जितक्या कष्टाने मिळाले, त्याहून कितीतरी सहज ते तुम्हाला घरापासून रिक्षाच्या अंतरावर मिळू शकते.

आधी सॉफ्टवेअरचे पाहू. फ्रीकॅड हे मुक्त कॅड सॉफ्टवेअर आहे, ते कोणालाही डाउनलोड करता येते आणि त्याला मुदत नाही. पूर्वी त्यात एक मोठी अडचण होती : मॉडेलमध्ये मागे जाऊन एखादे माप बदलले की पृष्ठभागांची अंतर्गत नावे बदलत आणि त्यावर उभारलेली पुढची रचना कोलमडत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा त्रास पुष्कळ कमी झाला आणि भाग जोडून असेंब्ली करण्याची सोयही मुळातच मिळाली. ऑनशेप हे दुसरे कॅड सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालते, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही निभावते. मात्र त्याच्या मोफत खात्यातील सगळी कामे जगाला उघडी राहतात, तेव्हा कारखान्याचे ड्रॉइंग त्यात कदापि टाकू नये. ऑटोडेस्कची फ्यूजन प्रणाली वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत मिळते आणि तिच्यात एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी उघड्या ठेवता येतात. शिकणाऱ्याला तेवढ्या पुरतात. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश घेतलेला विद्यार्थी असेल, तर ऑटोकॅडसह ऑटोडेस्कची बहुतेक उत्पादने एक वर्षासाठी मोफत मिळतात आणि शिक्षण चालू असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण करता येते. एवढे असताना पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी क्रॅक केलेली प्रत लॅपटॉपमध्ये घालून व्हायरस ओढवून घेण्यात काय शहाणपण आहे, हे मला समजत नाही.

खर्च करायचाच असेल तर चाक असलेल्या चांगल्या माउसवर करावा. लॅपटॉपच्या टचपॅडवर मॉडेल फिरवत बसणाऱ्या माणसाचा कॅडमधला उत्साह आठवडाभरात मावळतो.

इथे जर्मनीत मी सुरुवात केली ती फोल्क्सहोखशूलेच्या संध्याकाळच्या वर्गात. प्रौढांसाठीच्या या शाळा नगरपालिकांच्या आधाराने चालतात, म्हणून त्यांची फी खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी असते. आमचे शिक्षक वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन होते. पहिल्या दिवशी त्यांनी संगणक सुरूच करू दिले नाहीत. टेबलावर बेअरिंग बसवण्याचा एक लोखंडी ठोकळा ठेवला, प्रत्येकाच्या हाती व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, दिला आणि मापे घेऊन पेन्सिलीने तीन बाजूंची दृश्ये काढायला सांगितली. पुढे संगणकावर काम सुरू झाल्यावर वर्गातील एका तरुणाने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आयताकृती खाच काढली. आतले चारही कोपरे सुबक काटकोनात होते. शिक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "ही खाच कोणत्या हत्याराने कापणार?" वर्गात कोणालाही उत्तर आले नाही.

घरी येऊन मी कुपवाडला काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या शेडमध्ये दोन लेथ आणि एक जुने मिलिंग मशीन आहे. काकांनी मोबाइल थेट मशीनच्या स्पिंडलखाली, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याखाली, धरला आणि म्हणाले, "बघ, कटर गोल फिरतो. मग आतला कोपरा गोलच राहणार, कटरच्या निम्म्या व्यासाएवढा. काटकोन पाहिजे तर ईडीएमवाल्याकडे पाठव आणि त्याचं बिल तू भर." ईडीएम म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारे यंत्र. सॉफ्टवेअर तुम्ही काढाल ते निमूटपणे काढू देते, तो कोपरा कापता येतो की नाही, हे ते आपण होऊन सांगत नाही. क्लासच्या जाहिरातीत ज्या आज्ञांची यादी असते, त्या आज्ञा शिकायला काही आठवडे पुरतात, पण काकांच्या त्या दोन वाक्यांतले ज्ञान मात्र मशीनपाशी उभे राहूनच येते.

टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल याचे, तेही तसेच. २० मिलिमीटरच्या बोअरपुढे (भोकापुढे) एच७ आणि त्यात बसणाऱ्या शाफ्टपुढे (दांड्यापुढे) जी६ अशा टॉलरन्सच्या खुणा लिहिलेल्या असतात, तेव्हा आयएसओच्या तक्त्यानुसार बोअर २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर आणि शाफ्ट १९.९८० ते १९.९९३ मिलिमीटर असावा लागतो; म्हणजे दोघांत किमान ७ आणि कमाल ४१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राहते आणि शाफ्ट बोअरमध्ये न अडकता, न डगडगता सरकतो. फ्रीकॅडमध्ये दोन्ही व्यास २० असे टाकले तरी पडद्यावर सगळे छान बसलेले दिसते. ही दोन अक्षरे का लिहायची, आणि गरज नसताना नेमके माप मागितले तर जॉबचा, म्हणजे घडवायच्या वस्तूचा, खर्च कसा वाढतो, हे ज्याला कळते त्याला इथल्या कंपनीत काम मिळते आणि कुपवाडमध्येही मिळेल. शिवाय आपल्या भागातील फाउंड्र्यांमुळे तुम्हाला कास्टिंगही जवळून पाहता येते. बिडाचे कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवण्याचा नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. तो वाळूतून सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. आणि जिथे मशीनिंग व्हायचे तिथे जादा धातू ठेवावा लागतो. माझ्या वर्गातील जर्मन सहाध्यायांपैकी कोणी ओतीव काम होताना पाहिलेले नव्हते. ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून आहे, तिथल्या मुलांनी हे केवळ यूट्यूबवर पाहावे, याचे मला वाईट वाटते.

म्हणून क्लासची फी भरण्याआधी एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये शनिवारी जाऊन बसायची परवानगी मागावी. मालक आढेवेढे घेतील, पण काकांच्या भाषेत सांगायचे तर, झाडू मारणाऱ्याला कोणी हाकलत नाही. तिथली रिजेक्ट झालेली जॉब घरी आणून मोजावीत, आधी कागदावर काढावीत आणि मग फ्रीकॅडमध्ये. स्केचमधील सर्व मापे आणि बंधने पूर्ण झाली की रेषा हिरव्या होतात. त्या हिरव्या होईपर्यंत पुढे जायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी मॉडेल पुढे दगा देत नाही. सोबत एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत ऐकता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. ड्रॉइंगची पद्धत शिकताना हेही ध्यानात ठेवावे की भारत आणि जर्मनी दोन्हीकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालते, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकेतून आलेल्या ड्रॉइंगमध्ये ते वर असते. टायटल ब्लॉकमधील छाटलेल्या शंकूचे चिन्ह न पाहता जॉब सुरू केला, तर खाच उलट्या बाजूला पडू शकते.

ज्यांना यातून पुढे जर्मनीला यायचे आहे, त्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवे. इथे तांत्रिक उत्पादन-रचनाकाराचे रीतसर प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि ते कारखान्यात व शाळेत मिळून होते, त्यामुळे तीन महिन्यांच्या क्लासचे प्रमाणपत्र पाहून इथे कोणी डिझायनर म्हणून घेत नाही. मोठ्या वाहन उद्योगात कॅटिया आणि एनएक्स लागते, आणि ते महागडे सॉफ्टवेअर कंपनीत शिरल्यावरच हाती येते. लहान कंपन्या तुलनेने मोकळ्या असतात. मुलाखतीत माझ्यापुढे एक ड्रॉइंग ठेवून त्यात काय खटकते, एवढेच विचारले गेले. अर्थात भाषा बऱ्यापैकी यावी लागते, कारण ड्रॉइंगमधली शंका शेवटी मशीनवरच्या माणसाला विचारायची असते आणि तो इंग्रजीत उत्तर देईलच असे नाही. सांगलीत राहूनच व्यवसाय बदलायचा असेल, तर दहावीनंतर आयटीआयमधील ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा दोन वर्षांचा ट्रेड कोणत्याही खासगी क्लासपेक्षा मला भरवशाचा वाटतो. चाळिशीतल्या माणसाला तो मार्ग अवघड आहे, हे मान्य. त्याने दहा-बारा नीट केलेल्या ड्रॉइंगची फाइल तयार करावी, कागदावर छापलेली आणि स्टेप स्वरूपातलीही, कारण स्टेप फाइल जवळपास प्रत्येक त्रिमितीय कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

पहिले पैशाचे काम मिळाले की एक काळजी घ्यावी. फ्यूजनचा वैयक्तिक परवाना, ऑनशेपचे मोफत खाते आणि विद्यार्थ्यांचे ऑटोकॅड ही तिन्ही धंद्याच्या कामाला चालत नाहीत. फ्रीकॅड चालते, आणि साध्या द्विमितीय कामासाठी लिब्रेकॅडही. गिऱ्हाइकाने अमुकच सॉफ्टवेअरची फाइल मागितली, तर त्या परवान्याचे पैसे कोटेशनमध्ये धरावेत आणि तसे त्याला काम घेण्याआधीच सांगावे.