आमची वाटचाल: लग्नपत्रिकांपासून वेबसाइटपर्यंत

मिरजेत आमचा व्यवसाय सुरू झाला तो डीटीपीचा, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर टाइप करून मांडण्याचा. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दवाखान्यांची लेटरहेड आणि केसपेपर. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे कामाला तोटा कधी नव्हता. आज मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो त्या फर्मचं मुख्य काम मात्र वेगळं आहे. एकेकट्या माणसांच्या वेबसाइट बनवणं आणि त्या गूगलवर सापडतील अशा करणं. डॉक्टर, गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई, वास्तुविशारद, वाद्यांचे कारागीर. ज्यांचं नाव हीच ज्यांची पेढी, अशी माणसं.

या कामाकडे आम्हाला डीटीपीनंच आणलं. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप व्हायचा. हे फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असायचं. छपाईला त्यानं काही बिघडत नाही. वेबसाइटला मात्र सगळंच बिघडतं. सर्च इंजिन चित्र पाहत नाही, अक्षरांचे संकेतांक वाचतं. पानभर सुंदर मराठी दिसत असली तरी त्याच्या दृष्टीनं तो निरर्थक अक्षरांचा ढीग. आमच्याकडे पहिल्यांदा वेबसाइटची म्हणून जी कामं आली, ती अशीच होती: जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. ओळ न् ओळ तपासायला मराठी प्रुफं वाचलेली नजर लागते, आणि ती आमच्याकडे होती.

पुढे 2015 मध्ये गूगलनं मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरच्या शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. त्याच्या पुढच्याच वर्षी जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि आमच्या भागातला माणूस डॉक्टरचं नावही फोनवर शोधू लागला. मग डॉक्टर स्वतःहून येऊ लागले. ‘माझं नाव टाकलं तर कुठलीतरी डिरेक्टरी येते, त्यात फोन नंबरही जुना आहे. माझं मी काही दिसेल असं करा.’

याच सुमारास सगळ्यांना एकसारखे फोन येत होते: ‘तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो, हमी आमची.’ अशी हमी कोणालाही देता येत नाही, आणि देणाऱ्यापासून ग्राहकानं लांब राहावं, हे आम्ही तेव्हापासून प्रत्येकाला तोंडावर सांगतो. पानाच्या पोटात शब्दांची लांबलचक यादी दडवण्याचा कीवर्ड टॅग गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलं होतं. साइट वर यावी म्हणून दुसऱ्या साइटवरून विकत घेतलेल्या लिंकांवर गूगलनं 2012 मध्ये शोधात केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलानं घाव घातला. तरीही ही दोन्ही कामं पैसे घेऊन विकली जात होती. आम्ही ती केली नाहीत. त्यामुळे काही ग्राहक गेले आणि काही परत आले.

आमचं काम खऱ्या अर्थानं आकाराला आलं ते एका तंबोरा बनवणाऱ्या कारागिराच्या वेबसाइटवर. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. चाचांचं घराणं पिढ्यान् पिढ्या याच कामात. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे निवडून आणायचे, वाळवायचे, कापायचे, दांडी, तबली, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, सगळं हातानं. त्यांच्या मुलानं आमच्याकडून मागितलं होतं ते नेहमीचंच: पहिल्या पानावर मोठा फोटो, ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ आणि खाली नंबर. असं पान देशातल्या प्रत्येक वाद्यविक्रेत्याचं असतं. गूगलनं त्यातलं नेमकं आपलंच पान का दाखवावं, या प्रश्नाला त्या पानाकडे उत्तर नसतं.

आम्ही कारखान्यात जाऊन बसलो आणि चाचांना येणारे फोन ऐकले. पुण्याहून एक बाई विचारत होत्या, ‘काळी चारचा (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराचा) तंबोरा मिळेल का, आणि उंची किती असेल?’ कोणी म्हणालं, ‘आवाज बसलाय, तारा बदलल्या तरी खुलत नाही.’ परदेशातून एका शिष्यानं विमानात कसा न्यायचा ते विचारलं. चाचा प्रत्येकाला शांतपणे समजावत होते. आवाज बसतो कारण तारा घासून घोडीवर चर पडतात. तारा बदलून उपयोग नाही, जवारी पुन्हा काढावी लागते, म्हणजे आवाज खुलावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून पुन्हा नीट करावा लागतो. बायकांच्या पट्टीचा तंबोरा आखूड असतो. भोपळा जाड सालीचा हवा, पण किती जाड ते बोटानं वाजवून कळतं.

ही उत्तरं म्हणजेच वेबसाइट होती. एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. पानाचं शीर्षक ग्राहक फोनवर बोलतो त्याच शब्दांत. ‘तंबोऱ्याची जवारी कधी काढावी लागते’ हे शीर्षक ‘आमच्या सेवा’ या शीर्षकापेक्षा कितीतरी जास्त कामाचं, कारण ते कोणीतरी खरोखर टाइप करतं. पानांवर तंबोरा आणि तानपुरा हे दोन्ही शब्द येऊ दिले, कारण मराठी गाणारा एक वापरतो आणि बाहेरचा दुसरा. इंग्रजी पानं स्वतंत्र लिहिली, यंत्राकडून भाषांतर करून घेतली नाहीत. चाचा म्हणाले, ‘ताई, हे सगळं लिहून दिलं तर मला विचारायला कोण येईल?’ मी म्हटलं, ‘चाचा, ज्याला वाचून कळेल की हे काम तुम्हालाच येतं, तो येईल.’ आणि तसंच झालं. जवारीचं पान वाचून दुरुस्तीसाठी तंबोरे येऊ लागले, त्यातल्या काहींनी पुढे नवे करून घेतले. दुसऱ्या कुठल्याही साइटवर नाही ती माहिती आपल्या पानावर असणं, यापेक्षा मोठी युक्ती मला आजवर दिसलेली नाही.

लिखाणाखालोखाल येतं ते तांत्रिक काम. ‘तंबोऱ्याची’ यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं टाइप करता येतो. दिसायला सारखाच, आतून निराळा. आम्ही साइटभर एकच तऱ्हा ठेवतो. देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे जड होते, म्हणून एकच फाँट, दोनच जाडीचा. फोनवरून काढलेले फोटो लहान करूनच चढवतो. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा, आणि खेड्यातल्या नेटवर्कवर ती पुरी करणं सोपं नाही. साइटची जोडणी सुरक्षित करणारं एचटीटीपीएस प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळतं, त्याचे वेगळे पैसे आम्ही कधीच लावत नाही.

गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंची साइट दुसरीकडे बनली होती आणि त्यांचं पूर्ण नाव टाकलं तरी येत नव्हती. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीत सर्च इंजिनांना मनाई करणारी एक चौकट असते, साइट बनत असताना लावतात. ती तशीच राहिली होती. काढली, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी दिली, थोड्या दिवसांत पानं दिसू लागली. सर्च कन्सोल फुकट आहे, लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान दिसलं ते 16 महिन्यांपर्यंतचं त्यात पाहता येतं. तरी कित्येकांना ते असतं हेच माहीत नसतं. आम्ही ग्राहकाला शेजारी बसवून ते उघडून दाखवतो.

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या-पत्त्याच्या बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. एका डॉक्टरांचं डोमेन आधीच्या बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्यानं धंदा बंद केला, मुदत संपली, नाव भलत्याच्या हातात गेलं. वर्षानुवर्षं पेशंटनी लक्षात ठेवलेला पत्ता गेला आणि सगळं नव्यानं उभं करावं लागलं. म्हणून डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, पैसेही त्यानंच भरायचे. उद्या तो आम्हाला सोडून गेला तरी त्याचं नाव त्याच्याकडे राहिलं पाहिजे. हे आमच्या करारात पहिल्याच कलमात आहे.

डीटीपी अजून चालू आहे. पत्रिकेला आलेली माणसं वेबसाइटचं विचारतात. सध्या तासगावच्या एका बेदाणा उत्पादकाचं काम हातात आहे. त्यांच्या शेडवर जाऊन प्रश्न टिपायचं झालं आहे, पहिलं पान ‘बेदाणा काळा का पडतो’ याच नावानं लिहायला घेतलंय.