तडीपारीविरुद्ध अपील कुठं करायचं? माझा अनुभव

धाकट्या भावाला तडीपारीची नोटीस आली, तेव्हा घरात पेरणीची घाई होती. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादातून झालेल्या मारामारीच्या दोन केसेस त्याच्यावर होत्या. एक सहा वर्षांपूर्वीची, तिच्यात तो निर्दोष सुटला होता. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली त्याला आमच्या जिल्ह्यातून आणि लगतच्या दोन जिल्ह्यांतून २ वर्षांसाठी हद्दपार केलं. माय म्हणाली, "माह्या लेकाले गावातून हाकलते, तो का चोर हाय?"

भाऊ बहिणीकडं नागपूरला गेला. मी थेट तालुक्याचं कोर्ट गाठलं. जामिनासारखा अर्ज टाकायचा असेल, असं वाटलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, याचं अपील कोर्टात नसतं. कलम ६० प्रमाणे ते सरकारकडं करायचं, म्हणजे आमच्या बाबतीत विभागीय आयुक्तांपुढं, तेही आदेशापासून ३० दिवसांत. त्यातले नऊ दिवस कागद हाती पडेपर्यंतच गेले होते.

आयुक्तालय होतं बंदी असलेल्या जिल्ह्यात. म्हणजे ज्याचं अपील, त्यालाच तिथं पाय ठेवता येईना. वकिलांसोबत मी गेलो. दीड पानात अपील फेटाळलं गेलं.

मधे पोळा आला. "दादा, बैलं सजवून रातोरात परततो," असं तो फोनवर म्हणाला. माझ्या पोटात कालवलं, पण मी नाहीच म्हणालो. लेखी परवानगीशिवाय हद्दीत सापडला असता, तर कलम १४२ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या वर्षी बैलांच्या शिंगांना बेगड मीच लावली.

मग हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. कलम ६१ वाचलं तर कोर्टाची वाट जवळपास बंदच वाटते. नोटीस-सुनावणीची रीत पाळली नाही, अधिकाऱ्यापुढं काही पुरावाच नव्हता, किंवा साक्षीदार भीतीपोटी पुढं येत नाहीत असं त्याचं मतच झालेलं नव्हतं, एवढ्यावरच आव्हान देता येतं. पण हायकोर्टाला रिटचा, म्हणजे असा सरकारी आदेश तपासून रद्द करण्याचा, अधिकार घटनेच्या कलम २२६ ने दिला आहे. तिथल्या वकीलबाई पेन्सिल घेऊन आदेश ओळ न् ओळ वाचत गेल्या. नाव उघड न करता साक्षीदारांनी दिलेल्या दोन गोपनीय जबाबांपाशी थांबल्या. दोन्हींत शब्द तेच, तारीख एकाही घटनेला नाही, आणि नोटिशीत त्या जबाबांचा उल्लेखच नाही. "ज्याची नोटीसच दिली नाही, त्याला उत्तर तो काय देणार?" त्या म्हणाल्या. दुसरी खूण त्यांनी "दोन वर्षे" या शब्दांखाली केली. कलम ५८ मधली ही कमाल मुदत आहे. ती पूर्ण लावायची तर कारणं लिहावी लागतात, असं सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ रोजी जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे. आमच्या आदेशात कारणाची एक ओळ नव्हती.

मला एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. नोटिशीला उत्तर लेखीच द्या आणि त्याची पोच घ्या. आम्ही तोंडी बोलून आलो होतो, त्याचा मागमूसही आदेशात नव्हता.

जानेवारीत हायकोर्टानं आदेश रद्द केला. निकालाची प्रत घेऊन भाऊ आधी पोलीस ठाण्यात गेला, मग घरी आला. वावरात कपाशीचा तिसरा वेचा सुरू होता. चहासुद्धा न घेता तो ओटी बांधून तासाला लागला.