काकींना हवं असलेलं अळू

९ मे

सकाळी एक काकी रोपं बघायला आल्या. उभं आयुष्य मुंबईत काढून आता मालगुंडजवळच्या घरी कायमच्या राहायला आल्यात. सोनचाफा आणि दोन जास्वंदी बाजूला काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अळू आहे काय रे?"

मी न्हाणीमागचं पाणी जातं तिथले अळवाचे गड्डे दाखवले.

"हे फदफद्याचं. मला झाडाचं अळू हवंय. फळं खातात त्याची."

मी हे नावच पहिल्यांदा ऐकत होतो. ओटीवर बसवून त्यांना आठवेल ते सगळं सांगायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. काटेरी झाड, दोन पुरुष उंच. फळ चिकूच्या रंगाचं, मोठ्या लिंबाएवढं. कच्ची उतरवून पेंढ्यात पिकत घालायची. गर आंबटगोड, पिठूळ. उठता उठता म्हणाल्या, "आत चार-पाच बिया असतात, दगडासारख्या. थुंकून टाकायचो आम्ही." सगळ्यात मोलाची माहिती त्या एका वाक्यात होती, पण ते मला पाच दिवसांनी कळलं.

१० मे

शास्त्रीय नाव सापडलं: मेयना लॅक्सिफ्लोरा. जुन्या नोंदींत हेच व्हँग्वेरिया स्पायनोझा या नावाने येतं. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफी, कदंब आणि एक्झोराचं. या कुळाची खूण हाताशी असलेली बरी: पानं समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधोमध खोडाला चिकटलेलं छोटं टोकदार पातं, म्हणजे उपपर्ण. एक्झोराची फांदी घेऊन बघा, लगेच दिसेल.

संध्याकाळी शेजारच्या आबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्याच गडग्यावर आहे की!" दगडी कुंपणापाशी जाऊन पाहिलं. काटे आहेत, उपपर्णही आहे. पण ते गेळ. गेळही रुबिएसीतलंच, म्हणून कुळाची खूण दोघांनाही लागू पडते. गेळफळ म्हणजे आयुर्वेदातलं मदनफळ, वांती करवण्यासाठी वापरतात ते. पूर्वी नदीच्या कोंडीत मासे धरायला हीच फळं ठेचून टाकत. खायचं फळ म्हणून मागितलेल्या झाडाच्या जागी हे रोप कुणाच्या अंगणात गेलं असतं तर? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. फळ हातात घेतल्याशिवाय रोप द्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

१४ मे

काकींच्या पुतण्याबरोबर त्यांच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलो. कातळ संपून उताराला झाडी लागते तिथे अळू सापडलं, आणि नशीब असं की वीस पावलांवर गेळही उभं होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायला मिळणं ही पर्वणीच.

गेळाची पानं आखूड फांदीवर झुबक्याने येतात, टोकाकडे रुंद. अळवाची पानं त्याहून मोठी, समोरासमोर, मधूनच तीन-तीन. काटे सरळ आणि जोडीने. काही पेरांवर तीन. गेळाला नुकती फुलं आली होती, पांढरी, जुनी होतील तशी पिवळी पडणारी, बऱ्यापैकी मोठी आणि वासाची. अळवाची फुलं बारीक, हिरवट, घोसांनी येतात. त्यांचा हंगाम सरला होता.

पण खरा निवाडा फळाचा. गेळफळाच्या टोकाला पेरूसारखा ठसठशीत मुकुट राहतो. अळवाच्या टोकाला नुसता बारीक गोल वण. मग दोन्ही फळं कोयतीने कापली. गेळफळात बारीक बियांचा गच्च गोळा. अळवात पाच कठीण बिया, कोयती अडली इतक्या टणक. काकींचं वाक्य आठवलं.

खाली पडलेलं एक पिकं फळ चाखलं. पिकलेल्या चिकूला चिंचेची किंचित ओढ लागावी तशी चव. अशी फळं करवंदं-जांभळांच्या पाट्यांबरोबर बाजारात येतात, आणि मी आजवर एकदाही नजर टाकली नव्हती याचं वाईट वाटलं.

१६ मे

छत्तीस बिया धुऊन सावलीत सुकवल्या. अर्ध्या तशाच लावल्या, अर्ध्या आधी दोन दिवस ताज्या शेणकाल्यात भिजवून. लाल माती, रेती, कुजलेलं शेणखत, सगळं सारखं. पिशव्यांवर दोन रंगांच्या दोऱ्या.

२० जुलै

शेणकाल्यातल्या चार रुजल्या, तशाच लावलेल्यांतली एक. एवढ्यावरून पद्धतीचा निकाल लावणार नाही. बाकीच्या पिशव्या पुढचा पावसाळा संपेपर्यंत हलवायच्या नाहीत. कुणी अळवाचं गुटी कलम केलं असेल तर जरूर कळवा, फांदी कोणत्या महिन्यात धरली तेही लिहा.

काकी काल येऊन रोपं बघून गेल्या. पान बोटांत धरून बराच वेळ उभ्या होत्या. सगळ्यात जोमदार रोपाच्या पिशवीला मी त्यांच्या घराचं नाव बांधून ठेवलंय.