रविवारच्या आठ तासांची किंमत
आज रविवारी जादा कामाला येणार का, असे सुपरवायझरांनी काल विचारले तेव्हा मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. कायद्यानुसार जादा वेळेची मजुरी दुप्पट दराने मिळते. माझा दर तासाला १५० रुपये असल्याने आजच्या आठ तासांचे २,४०० रुपये झाले असते, म्हणजेच आईसोबत ओसरीवर शेंगा फोडत घालवलेल्या या दिवसासाठी मी तेवढी रक्कम मोजली.

बारावीच्या अर्थशास्त्रात, किंमत वाढली की पुरवठा वाढतो या पुरवठ्याच्या नियमाचा अपवाद म्हणून श्रमाचा पुरवठा शिकलो होतो: मजुरी वाढली की रिकामा वेळ महाग होतो, म्हणून माणूस आधी जास्त तास राबतो; पण एका टप्प्यानंतर गरजा भागू लागतात आणि वाढलेल्या उत्पन्नातून तो विश्रांतीच विकत घेतो. घराचे हप्ते चालू होते तोवर मला यातला दुसरा भाग कधी पटला नाही, आणि ज्यांचे हप्ते अजून फिटायचे आहेत त्यांच्या रविवारच्या कामाला निवड म्हणणे मला आजही अन्यायाचे वाटते.

माझा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. दुपारी आईने विचारले, "पुढच्या रविवारीही घरीच आहेस ना रे?" मी हो म्हणालो.