तुम्ही विचारलंत म्हणून: हीटरमध्ये थर्मोस्टॅट असताना बाहेर आणखी एक कंट्रोलर कशाला?

माझी माशांची टाकी पाहायला येणाऱ्या बहुतेकांची नजर आधी माशांवर, मग वनस्पतींवर आणि शेवटी टाकीच्या बाजूला भिंतीवर लावलेल्या छोट्या डब्यावर जाते. त्याच्यावर तापमानाचा आकडा दिसत असतो, एक बारीक वायर पाण्यात उतरलेली असते आणि हीटरचा प्लग भिंतीतल्या सॉकेटऐवजी या डब्यात खोचलेला असतो. मग प्रश्न येतो : हीटरच्या आत थर्मोस्टॅट असतोच, तो ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होतो, मग त्याच कामासाठी बाहेरून आणखी एक यंत्र लावून दुप्पट खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. मीही एके काळी हाच प्रश्न विचारून कंट्रोलर घेण्याचे टाळले होते, आणि ते का चुकले हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

तेव्हा माझ्याकडे १०० लिटरची टाकी होती आणि तिच्यात ३०० वॉटचा एकच हीटर होता. एका सकाळी दिवा लावण्याआधी सवयीने काचेला हात लावला, तर ती कोमट नव्हे, चांगली गरम लागली. थर्मामीटर ३६ अंश सेल्सिअस दाखवत होता. निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारे कॉरिडोरास यांच्यापैकी एकही जिवंत नव्हता. हीटरचा नॉब फिरवून मी तो १८ अंशांवर आणला तरी त्याचा दिवा विझला नाही. बाहेर काढून, थंड होऊ देऊन, पुन्हा बादलीतल्या ३० अंशांच्या पाण्यात लावून पाहिला तरीही नाही. थर्मोस्टॅट 'चालू' स्थितीतच चिकटून बसला होता.

हे का होते ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. नॉब असलेल्या साध्या हीटरमध्ये सहसा दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापमान वाढले की दोन्ही धातू कमीअधिक प्रसरण पावतात, पट्टी वाकते, विजेचा संपर्कबिंदू उघडतो आणि हीटर बंद पडतो. प्रत्येक वेळी तो उघडताना किंवा मिटताना तिथे बारीकशी ठिणगी पडते आणि धातूचा पृष्ठभाग थोडासा जळतो. हीटर तासातून तीन वेळा चालू होतो असे धरले, तर वर्षाला ही उघडझाप २६,००० वेळांच्या वर जाते. कधीतरी अशाच एका ठिणगीत दोन्ही बिंदू एकमेकांना वितळून चिकटतात, आणि मग पट्टीने कितीही ओढले तरी सुटत नाहीत. म्हणजे हा बिघाड कुठल्या एका हलक्या बनावटीचा दोष नाही, तो या रचनेच्या झिजेचाच एक शेवट आहे. महागड्या हीटरमध्ये तो उशिरा येईल, पण येणारच नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

बाहेरचा कंट्रोलर नेमका इथे उपयोगी पडतो. त्याचा प्रोब, म्हणजे पाण्यात उतरलेल्या वायरच्या टोकाचा सेन्सर, पाण्याचे तापमान मोजतो आणि डब्यातला रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, हीटरकडे जाणारी वीजच तोडतो. आता वीज आधी कंट्रोलरमधून आणि मग हीटरच्या थर्मोस्टॅटमधून, अशी एकामागून एक दोन दारे ओलांडून जाते, आणि दोन्ही उघडी असतील तरच पाणी तापते. एक दार अडकून उघडे राहिले तरी दुसरे बंद होऊ शकते. कंट्रोलर घेणाऱ्यांपैकी अनेकांना आकर्षण असते ते पडद्यावरच्या दशांशापर्यंतच्या आकड्याचे; माझ्या मते तो त्याचा दुय्यम गुण आहे. मासे २५.८ आणि २६.१ यांतल्या फरकाने मरत नाहीत. टाकी उकडायची असेल तर दोन स्वतंत्र वस्तू एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडाव्या लागतील, अशी व्यवस्था आपण करतो आहोत, आणि खर्च तिच्यासाठी आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. दोन दारे झाल्यामुळे त्यांपैकी एखादे बंदच राहून टाकी गार पडण्याची शक्यता वाढते. तरीही हा सौदा मला योग्य वाटतो, कारण गार होणे आणि तापणे हे सारख्या गतीचे धोके नाहीत. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू खोलीच्या तापमानाकडे उतरते आणि तिथेच थांबते; बहुतेक उष्णकटिबंधीय मासे सुस्तावतात, पुढे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे आजार जोर धरू शकतात, पण आपल्या लक्षात यायला सहसा वेळ मिळतो. तापण्याला मात्र असा जवळचा थांबा नसतो. शिवाय पाणी तापते तसा त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो : २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७. त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढत जाते. गरम टाकीतले मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते याचमुळे.

आता मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. कंट्रोलर आणला की लोक हीटरचा नॉब सर्वांत वरच्या आकड्यावर नेऊन ठेवतात आणि 'आता सगळे कंट्रोलर पाहील' असे म्हणतात. असे केले की हीटरचा थर्मोस्टॅट ३४ अंशांपर्यंत काहीच करत नाही. म्हणजे दुसरे दार आपणच काढून टाकले, आणि पुन्हा सगळी भिस्त एकाच वस्तूवर आली. योग्य पद्धत अशी की टाकी २६ अंशांवर ठेवायची असेल तर कंट्रोलर २६ वर आणि हीटर २७.५ ते २८ च्या आसपास ठेवावा. रोजचे काम कंट्रोलर करतो, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट एरवी 'चालू' स्थितीतच राहतो, त्यामुळे त्याची झीज जवळजवळ थांबते, आणि कंट्रोलर चुकला तर पाणी २८ च्या पुढे जाण्याआधी तो वीज तोडतो. यात एक अडचण असते : हीटरच्या नॉबवरचे आकडे अनेकदा एक-दोन अंशांनी चुकलेले असतात. म्हणून मी नवा हीटर आधी दोन दिवस कंट्रोलरशिवाय, लक्ष ठेवून चालवतो, तो खऱ्या थर्मामीटरनुसार किती अंशांना बंद होतो ते पाहतो, आणि छापील आकड्यावर न जाता त्या निरीक्षणावरून नॉब बसवतो.

कंट्रोलर लावल्यावर एक नवा धोका मात्र घरात येतो, आणि तो आहे प्रोबचा. प्रोब पाण्याबाहेर निघाला तर कंट्रोलरला पाण्याचे नव्हे, हवेचे तापमान दिसते. खोली २२ अंशांची असेल तर त्याला पाणी गार झाल्यासारखे वाटते आणि तो प्रामाणिकपणे हीटर चालूच ठेवतो. हे घडते अगदी साध्या कारणांनी : सक्शन कपचे रबर कडक होते आणि काच सोडते, पाणी बदलताना पातळी प्रोबच्या खाली जाते, किंवा सफाई करताना कोणाच्या हाताने वायर ओढली जाते. यावर माझे उपाय साधे आहेत. प्रोब टाकीच्या खालच्या अर्ध्या भागात असावा, म्हणजे अर्धे पाणी काढले तरी तो बुडालेला राहील. त्याची वायर टाकीच्या काठाशी पट्टीने बांधलेली असावी, म्हणजे सक्शन कप सुटला तरी प्रोब खालीच लोंबेल. आणि पाणी बदलताना हीटर आणि कंट्रोलर दोन्ही बंद करून, हीटर निवायला किमान १५ मिनिटे देऊन मगच पाण्याला हात लावावा. काचेचा हीटर तापलेला असताना पाण्याबाहेर उघडा पडला आणि मग त्यावर गार पाणी आले, तर तो तडकतो. प्रोब हीटरला चिकटूनही नको, कारण मग तो हीटरच्या अंगाची ऊब मोजून लवकर वीज तोडत राहील. फिल्टरमधून येणारे पाणी जिथे फिरत असते तिथे, हीटरपासून थोडा दूर, अशी जागा बरी.

प्रोबच्या आत पुष्कळदा असा सेन्सर असतो की ज्याचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. याचा अर्थ, त्याची वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि यंत्राला ते कडाक्याच्या थंडीसारखे वाटते. चांगले कंट्रोलर अशा वेळी चूक ओळखून हीटर बंद करतात आणि सूचना देतात. साधे तसे करतीलच असे नाही. विकत घेताना मी पडद्याच्या रंगापेक्षा ही गोष्ट आधी पाहतो. त्याच्याबरोबर तापमान ठरावीक हद्दीच्या वर किंवा खाली गेल्यास वाजणारा अलार्म असावा, आणि वीज जाऊन आली तरी लावलेले आकडे लक्षात राहावेत. आकडे अंकात दाखवणारे काही हीटर वीज परत आल्यावर स्वतःहून चालू होत नाहीत. कंट्रोलर दर वेळी वीजच तोडतो, म्हणून असे हीटर त्याच्यावर लावून उपयोग नाही.

हीटरच्या वॉटचा विचारही याच सुरक्षेचा भाग आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. बाहेर निसटणारी उष्णता बाजूला ठेवली, तर १०० लिटरच्या टाकीत १०० वॉटचा हीटर एक अंश चढवायला सुमारे ७० मिनिटे घेतो, आणि ३०० वॉटचा फक्त २३ मिनिटे. माझा तो हीटर ताशी अडीच अंशांच्या वेगाने पाणी तापवण्याच्या क्षमतेचा होता, तेही गरज नसताना. आज तेवढ्याच टाकीत मी ७५ वॉटचे दोन हीटर एकाच कंट्रोलरवर चालवतो. एक बंद पडला तर दुसरा टाकी सावरून धरतो, आणि कंट्रोलरही निकामी होऊन एक हीटर चालू स्थितीत चिकटला तरी पाणी इतके सावकाश तापते की अलार्मला आणि मला हाताशी काही तास राहतात.

रिलेबद्दल थोडक्यात. त्याच्यावर १० अँपिअर असे लिहिलेले असले तरी त्या मर्यादेच्या बरेच खाली राहावे, कारण रिलेचे संपर्कबिंदूही तसेच चिकटू शकतात. चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत ०.३ ते ०.५ अंशांचे अंतर ठेवावे. ते फारच कमी केले तर रिले सतत कटकट करत राहतो आणि लवकर झिजतो.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो : कंट्रोलर तापमानाची काळजी घेतो, विजेच्या धक्क्याची नाही. हीटरची काच फुटून पाण्यात वीज उतरली तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा वेगळा ब्रेकर सर्किटवर हवाच. कंट्रोलरचा डबा पाण्याच्या पातळीच्या वर, शिंतोड्यांपासून दूर भिंतीवर असावा, आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. ज्यांच्या मागच्या बाजूला उघडे स्क्रू असतात असे स्वस्त सुटे कंट्रोलर मिळतात. वायरिंगचे शिक्षण नसेल तर ते घेऊ नका, तयार प्लग आणि सॉकेट असलेलाच घ्या.

आणि हे सगळे बसवून झाले की तपासणी. महिन्यातून एकदा मी प्रोब काढून टाकीपेक्षा दोन-तीन अंश गरम पाण्याच्या कपात धरतो. हीटर चालू असेल तर त्याचा दिवा विझायला हवा. मग थंड पाण्याच्या कपात धरतो. दिवा लागायला हवा. प्रोब जागेवर परत गेल्याची खात्री करूनच मी तिथून उठतो. वर्षातून एकदा दोन्ही हीटर थेट सॉकेटला लावून त्यांच्या सेटिंगपेक्षा तीन अंश गरम पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि पाण्याला हात न लावता पाहत राहतो. काही मिनिटांत हीटरची काच पाण्याइतकी तापली की दिवा विझायला हवा, म्हणजे आतला थर्मोस्टॅट अजून सुटतो हे कळते. नाही विझला, तर तो हीटर त्याच दिवशी कचऱ्यात जातो, टाकीत अजून ठीक चालत असला तरी. वापर सुरू केल्याची तारीख मी प्रत्येकाच्या प्लगवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवली आहे.