बाजारपेठ हेच ज्या गावाचे नाव

भूमध्य समुद्राकाठचे ग्रीक अवशेष म्हटले की टेकडीवरचे देऊळ आणि आभाळात गेलेले खांब डोळ्यांसमोर येतात. ती अपेक्षा मनात धरून स्पेनमधील एम्पुरिएसला जाणाऱ्याची थोडी निराशाच होते; माझीही झाली. तिथे दिसतात त्या अरुंद गल्ल्या, घरांची बुटकी जोती, पावसाचे पाणी साठवायची टाकी आणि मासे खारवायचे हौद.

इ.स.पू. सहाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील फोकाइया नगराचे ग्रीक आधी इथल्या एका लहानशा बेटावर उतरले आणि काही दशकांतच त्यांनी समोरच्या किनाऱ्यावर दुसरी वस्ती उभारली. मधले पाणी पुढे गाळाने भरले, त्यामुळे त्या बेटावरच्या सांत मार्ती या गावात आता पायी जाता येते. वस्तीचे नाव एम्पोरिओन, म्हणजे नुसतेच ‘बाजारपेठ’. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात आपल्या सोपारा, पैठण आणि तेर यांच्यासाठी हाच शब्द येतो, हे तिथे उभे असताना आठवले आणि उगीचच ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो दक्षिणेकडच्या तटाशी. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की ग्रीकांच्या वस्तीला लागूनच स्थानिक लोकांची वस्ती होती आणि दोहोंच्या मध्ये भिंत होती. ग्रीकांच्या बाजूला जमिनीकडून एकच दरवाजा होता, त्यावर सतत पहारा असे आणि रात्री एक तृतीयांश नागरिक तटावर जागत. स्थानिकांना आत प्रवेश नव्हता. तरीही त्यांचे बिनसले नाही, कारण समुद्रावरून येणारा माल त्यांना हवा होता आणि ग्रीकांना त्यांच्या शेतातले धान्य. एकमेकांवर काडीचा विश्वास नसतानाही हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला, याचे मला देवळांपेक्षा अधिक कौतुक वाटते.

इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य इथेच उतरले आणि कालांतराने वरच्या पठारावर रोमन नगर वसले. ते प्रशस्त आहे, पण मला फारसे भावले नाही. १९०८ साली पद्धतशीर उत्खनन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी आरोग्यदेवता अस्क्लेपिओसची म्हणून ओळखली जाणारी संगमरवरी मूर्ती हाती लागली. मूळ मूर्ती आवारातल्या संग्रहालयात आहे, उघड्यावर आहे ती प्रतिकृती. जवळच्या एका घराच्या फरशीवर बारीक खड्यांनी ‘हेदुकोइतोस’ हा ग्रीक शब्द जडवला आहे. पाहुण्यांनी सुखाने आडवे व्हावे, असा त्याचा आशय.

बाहेर पडल्यावर पुळणीवर जुन्या धक्क्याचा तुकडा लागतो. बार्सिलोना ऑलिम्पिकची ज्योत १९९२ मध्ये याच किनाऱ्यावर उतरवली होती. मी गेलो त्या दुपारी धक्क्याच्या दगडांवर पोहणाऱ्यांचे पंचे वाळत होते.