काळ्या दगडातला निळा – आमची वाटचाल

बाबा कुंड्या, पणत्या घडवायचे, आव्यात भाजायचे, रंग म्हटला तर गेरू. मी नागपूरजवळ हिंगण्याला एमआयडीसीत छोटा गाळा घेतला, इलेक्ट्रिक भट्टी लावली आणि कप, प्लेटा, घराच्या नावाच्या पाट्या सुरू केल्या. गिऱ्हाईक आलं की हात आधी निळ्यावरच जातो. निळा म्हणजे कोबाल्ट, ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, शेकडा एक टाकलं तरी गडद येतो आणि साडेबाराशे डिग्रीलाही टिकतो, पण बॅटऱ्यांची मागणी वाढली तसा त्याचा भाव असा खालीवर व्हायला लागला की ऑर्डर घेताना रेट काय सांगावा तेच कळेना.

मग यिनमिन नावाच्या निळ्या रंगाबद्दल वाचलं. २००९ साली अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत, चेन्नईत जन्मलेल्या मास सुब्रमण्यन यांच्या लॅबमध्ये, शोधत होते इलेक्ट्रॉनिक्सचं मटेरियल आणि भट्टीतून निघाली झगझगीत निळी पावडर! त्यात यिट्रियम, इंडियम आणि मँगनीज. मँगनीज वाचून मी थबकलोच, कारण मनसर, गुमगाव, आपल्याच जिल्ह्यातल्या खाणी, आणि आम्हाला मँगनीज म्हणजे काळा-तपकिरी रंग एवढंच माहीत. या स्फटिकात मँगनीजच्या भोवती पाच ऑक्सिजन एका खास रचनेत बसतात, म्हणून तो लाल-हिरवा प्रकाश शोषतो आणि निळा परत पाठवतो.

इंडियममुळे महाग आहे, तरी थोडा मागवला. पहिल्या टेस्ट टाइल १२२० डिग्रीला भाजल्या, सकाळी झाकण उघडलं तर राखाडी-जांभळट डाग. वितळलेल्या ग्लेझनं स्फटिकच खाल्ला होता, रचना गेली की निळाही गेला. खूप वाईट वाटलं. मग हजार डिग्रीच्या आसपासचं ग्लेझ घेतलं, रंग वाढवला, भट्टीत कमी वेळ ठेवला, चार महिने हेच चाललं, आणि एका टाइलवर कडेला थोडा फिका पण मधोमध तोच स्वच्छ निळा निघाला.

आता कपांना व्हॅनेडियम-झिरकॉनचा फिरोजी वापरतो, तो जास्त तापमानालाही टिकतो. यिनमिन फक्त पाट्यांवर, तोही अक्षरांपुरता. बाबांना पहिली पाटी दाखवली तर बोटानं अक्षर चाचपत म्हणाले, "हा मनसरचा दगडच ना बे?" म्हटलं, बाबा, माल बाहेरचा, पण दगडाची जात तीच.